साळवी साहेबांसाठी गोल कोपरे

३ ऑगस्ट, रविवार

चौकटी टोकदार निघाल्या. सगळ्या. भर सभेत, मंडळाच्या मोठ्या टीव्हीवर.

आदर्श नगरच्या हॉलमध्ये जयपूरच्या आमच्या मराठी मंडळाची कार्यकारिणी होती. गणपतीच्या आधी मंडळाची नवी वेबसाइट दाखवायची, म्हणून महिनाभर खपले. लेख, फोटो, आरत्या, माझं 'जयपूरहून पत्र' हे सदर, प्रत्येकाला वेगळी चौकट आणि प्रत्येक चौकटीला छान गोल कोपरे. माझ्या लॅपटॉपवर गोल. फोनवर गोल. नवऱ्याच्या फोनवर तर त्याहून गोल. पण साळवी साहेबांनी ती उघडली मंडळाच्या ऑफिसातल्या त्या पुराणपुरुष संगणकावर, आणि टीव्हीवर पत्र्याच्या डब्यांचं दुकान मांडलं गेलं. दोन डबे तर एकमेकांत घुसलेले.

साळवी साहेब म्हणजे मंडळाचे कार्यवाह. रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त, मूळचे रत्नागिरीचे. निवृत्ती फक्त त्यांनी घेतली, जिभेला दिली नाही.

"वसुधाताई, जपून हो. पोरंबाळं येतात साइटीवर. एखाद्याला कोपरा लागायचा."

हशा. अध्यक्षा शिंदेबाई, कर्नलसाहेबांच्या सौ., एरवी माझ्या बाजूच्या, त्यासुद्धा ओढणीत तोंड घालून हसल्या.

मग ठराव. चोवीस तारखेच्या सभेत साइट पुन्हा दाखवायची. नीट दिसली तर माझ्याकडे राहील. नाहीतर गोपालपुऱ्याची एक कंपनी आहे, कोचिंग क्लासांच्या साइटी करते, तिच्याकडे. तयार साचा, हिंदी आणि इंग्रजी. म्हणजे मराठी गेली. माझी इतक्या वर्षांची पत्रंही गेली. "जागा उरली तर ठेवू की," म्हणाले सा. (यापुढे सा. एवढंच. पूर्ण नावाला शाई लागते.)

शेंडी सोडून प्रतिज्ञा करण्याची पद्धत आहे. माझा बॉबकट.

४ ऑगस्ट

विनायक सकाळी डब्याचं झाकण लावता लावता म्हणाला, "त्यांच्या यंत्रात नवा ब्राउझर टाकून दे. फुकट असतो. एवढं काय त्यात?" इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने दिलेला पहिला उपयोगी सल्ला. सकाळच्या शाळेतले संस्कृतचे तास संपताच गेले, दुर्गापुऱ्याहून थेट आदर्श नगरला.

सा. यंत्रासमोर ठाण मांडून. यंत्राच्या डोक्यावर क्रोशाचा रुमाल.

"हात लावायचा नाही हां."
"पाच मिनिटांचं काम आहे, साहेब."
"पाच मिनिटांत गाडी रुळावरून उतरते, ताई. चालतंय ते चालू दे."

चहा पाजला. चांगला होता. शत्रूकडचा चहा चांगला असू नये.

६ ऑगस्ट

रोगनिदान झालं. आताच्या ब्राउझरला एक ओळ लिहून सांगितलं की कोपरे गोल कर, की तो करतो. सा.च्या ब्राउझरला ती ओळ समजतच नाही. तो जन्मला तेव्हा ती आज्ञाच नव्हती. न समजलेली ओळ तो निमूट सोडून देतो. (हा गुण माणसांत का नसावा?)

त्या काळी लोक काय करायचे, ते शोधून काढलं. कोपरा गोल करायचाच नाही, झाकायचा. जुन्या अल्बममध्ये फोटोच्या चार टोकांना काळे त्रिकोणी खिसे लावायचो, तसं. चार इवलाली चित्रं करायची. प्रत्येक चित्रात एक पाव वर्तुळ चौकटीच्या रंगाचं, बाहेरचा तुकडा मागच्या पानाच्या रंगाचा. ती चार टोकांवर बसवायची. टोक तिथेच असतं, फक्त दिसत नाही.

व्याकरण शिकवताना गुरुजी म्हणायचे, वर्ण लोप पावला म्हणजे मेला असं नव्हे, दिसत नाही इतकंच. आज गुरुजींना पटलं असतं. मला तर पटलंच. सा.ना गोल कोपरे दाखवीन, आणि त्यांच्याच यंत्रात.

८ ऑगस्ट

विनायकच्या ऑफिसात एक तसंच जुनं यंत्र अजून धुगधुगी धरून आहे. त्याला जेवणाच्या सुट्टीत बसवलं. मी घरून बदल करायचे, त्याने फोनवर सांगायचं.

"आता?"
"वरचा डावा गोल आहे."
"आणि उजवा?"
"उजवा... उजवा नाहीच आहे गं."
"नाहीच म्हणजे?"
"मतलब, गेला. थांब. सापडला. आरत्यांच्या चौकटीत जाऊन बसलाय."

पुन्हा.

"आता चारही जागेवर."
"गोल?"
"गोल आहेत, पण प्रत्येकाला मागे राखाडी ठिपका. बुरशी आल्यासारखा."

त्या ब्राउझरला पारदर्शक रंग कळत नाही. जिथे काहीच नसावं तिथे तो राखाडी फासतो. चित्रांची जात बदलली. ठिपके गेले, पण कडा करवतीसारख्या आल्या.

विनायक म्हणाला, "माझी पोळी थंड झाली."
"सुडाच्या मार्गात पोळ्या थंड होतात."
"मग तुझ्या सुडात मला पगारी घे."

९ ऑगस्ट

राखी. मिरजेहून भावाचा व्हिडिओ कॉल, राखी फोनला दाखवून झाली. घेवर आणला, इथली राखीची गोल, जाळीदार मिठाई. कोपरा नसलेला पदार्थ. दोन खाल्ले. कामाला हात लावला नाही. शत्रूलाही सणाची सुट्टी.

११ ऑगस्ट

जमलं! कोपऱ्याच्या चित्रांत बाहेरचा तुकडा थेट पानाच्याच रंगाने भरला. पानाचा रंग एकच ठेवावा लागला, आधी वरून खाली फिकट होत जाणारी गुलाबी होती. ती गेली. गेली तर गेली. या शहरात गुलाबीची कमी नाही.

विनायक फोनवर: "गोल. चारही. शप्पथ." मग, "अगं, इकडे ऑफिसातले साहूजीपण बघतायत. ते विचारतात, इसमें देखना क्या है?"

हेच तर. कोणाला दिसू नये म्हणून एवढं करायचं.

१२ ऑगस्ट

कोपरे झाले. सूड कुठे झाला? सा. म्हणतील, "हां, आता बरं दिसतंय," आणि दाढीवरून हात फिरवतील. बास? मी सभेत हशा खाल्ला त्याचं काय?

दुपारी भाजी निवडताना सुचलं. त्या ब्राउझरसाठी वेगळी ओळ लिहिता येते. बाकीचे ब्राउझर तिला टिपण समजून ओलांडून जातात, तो एकटाच ती आज्ञा मानून वाचतो. म्हणजे एक चौकट अशी करता येते, जी जगात कोणालाच दिसणार नाही. फक्त सा.च्या यंत्रावर दिसेल. आणि सभेत ते यंत्र टीव्हीला जोडलेलं असेल.

गवार तशीच राहिली. श्लोक केला.

कोणान् पश्यति यो नित्यं परेषां गृहभित्तिषु ।
तस्य चित्तस्य कोणानां मार्जनं केन कार्यते ॥

दुसऱ्यांच्या घरच्या भिंतींचे कोपरे जो सदा बघत असतो, त्याच्या मनाचे कोपरे कोणाकडून घासून घ्यायचे? छंद बिनचूक. शाळेत मुलांना अनुष्टुभ शिकवताना उदाहरण म्हणून देता येईल, पण नावं लपवून.

विनायककडून चाचणी. "दिसतोय. मस्त गोल चौकटीत आहे. काय लिहिलंय?"
"सुभाषित."
"तुझ्या सुभाषितांना दात असतात."

सध्या काढून ठेवलाय. तेवीसला संध्याकाळी परत लावीन.

१४ ऑगस्ट

आज वेगळंच.

कोपरे खुद्द त्या यंत्रावर बघावेत म्हणून मंडळात गेले. निमित्त: उद्याच्या झेंडावंदनाच्या खुर्च्या. सा. एकटेच, चष्मा कपाळावर, नाक पडद्याला टेकलेलं. वाचत होते. मी मागे उभी आहे हे कळलं नाही.

मंडळाची 'जुनी पानं' उघडली होती. या शहरात बदलून आलेल्या रेल्वे कुटुंबांच्या आठवणी. सा.नी नोकरीत असताना, ऑफिस सुटल्यावर, घरोघरी जाऊन ऐकलेल्या आणि या यंत्रावर बसून टंकलेल्या. त्या वेळचं अक्षरवळण, म्हणजे फॉन्ट. ते या यंत्रातच आहे, दुसरीकडे कुठे नाही. माझ्या लॅपटॉपवर त्याच पानांवर नुसते रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे ढीग दिसतात. म्हणून नवी साइट करताना मी ती काढली होती. खराब झालीयत म्हणून.

आणि इथे स्वच्छ मराठी. गोखलेबाई, आता हयात नाहीत, सांगतायत: क्वार्टरमधला पहिला गणपती, तांदळाची पिठी कुठे मिळेना, म्हणून बाजरीच्या पिठाचे मोदक केले, ते उकडताना उलले, आणि शेजारच्या मारवाडी बाईंनी त्यावर तूप ओतून 'चूरमा' म्हणून खाल्ले.

हसले मी. तेव्हा सा. वळले.

"हसताय? तुम्हीच काढलीत ती साइटीवरून. विचारलंत मला?"
"अहो, वाचताच येत नव्हती ती!"
"तुमच्या यंत्रावर."

 समोरचा बरोबर असला की मला राग दुप्पट येतो.

म्हणजे तो कोपऱ्याचा विनोद विनोद नव्हता. त्यांना माहीत होतं या यंत्रावर काय दिसणार. मुद्दाम टीव्हीला जोडलं. माझ्याआधीच सूड घेऊन झाला होता, मी उगीच स्वतःला पहिली समजत होते.

कोपरे बघायचे राहिले. खुर्च्यासुद्धा मोजल्या नाहीत.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन. सा.नी मला पेढा दिला, मी घेतला. दोघंही झेंड्याकडे बघत होतो.

विनायकला सगळं सांगितलं. म्हणाला, "मग झालं की. फिटंफाट." पुरुषांचं गणित. मला कारण कळलं, याचा अर्थ राग गेला असा नव्हे. माणूस विचारू शकत होता. सरळ म्हणू शकत होता, ताई, माझी पानं का काढलीत. त्याऐवजी चारचौघांत.

विनायक: "तू विचारलं होतंस त्यांना?"
मी ऐकलं नाही असं दाखवलं. पंखा मोठ्याने वाजत होता.

१७ ऑगस्ट

याहून मोठा सूड सुचलाय. पानं मी वाचण्याजोगी करणार. आजच्या अक्षरांत, कुठल्याही फोनवर उघडतील अशी. मग सा.ना सगळ्यांसमोर माझे आभार मानावे लागतील. त्या जिभेला 'आभारी आहे' उच्चारायला लावणं! श्लोक त्यापुढे काहीच नाही.

पण श्लोकही राहील. आधी चपराक, मग उपकार. मधल्यामधे सापडेल माणूस.

पानांची प्रत मागितली. सा.नी संशयाने पाहिलं. "कशाला?"
"लावते परत."
"आता का?"
"गणपतीची सद्बुद्धी."
पेनड्राइव्ह देताना तो दोन बोटांत धरून ठेवला होता. ओढून घ्यावा लागला.

२१ ऑगस्ट

जुनी अक्षरं नव्यात बदलून देणारी एक सोय मिळाली. ती बदलते, पण पहिल्या वेलांट्या आणि रफार भलत्याच अक्षरांवर नेऊन टाकते. सगळं हाताने नीट करावं लागतं. शाळेतून आले की तेच. त्यात वाचत बसते, काम पुढे सरकत नाही.

सा. चांगलं लिहितात. नोंद करायला बरं वाटत नाही, पण लिहितात. स्वतःचं मत कुठेच घालत नाहीत. बाई बोलतेय तसं. भुसावळच्या बाई भुसावळच्या बोलतात, नागपूरच्या नागपूरच्या. एवढं ज्याला ऐकू येतं त्याने सभेत तसं बोलावं?

सगळ्या पानांच्या चौकटींना कोपरे लावले. त्यांच्या यंत्रासाठी चित्रांचे, बाकीच्यांसाठी एका ओळीचे.

२३ ऑगस्ट

संध्याकाळी श्लोक लावला. पहिल्या पानावर, सगळ्यांत वर.

विनायक जेवताना म्हणाला, "काढून टाक ना तो. छोड."
"नाही."
"पानं इतकी छान झालीयत."
"म्हणूनच."

२४ ऑगस्ट, रविवार

सभा. नेसले होते जरीकाठाची. रणांगणावर जाताना वेश नीट असावा.

सा. यंत्र सुरू करायला गेले. ते सुरू होतंय, होतंय, होतंय. शिंदेबाईंना घाई, घरी कर्नलसाहेबांचे पाहुणे. "चला, राहू द्या ते. माझा लॅपटॉप जोडा." आणि स्वतःच तार काढून लावलीसुद्धा. सैन्यातल्या बायकांचा निर्णयवेग.

ठराव 'नीट दिसली तर' एवढाच होता. 'याच यंत्रावर' असं लिहून घेतलेलं नाही. मी आक्षेप घ्यावा तरी काय? की नको, टोकदार दिसणाऱ्याच यंत्रावर दाखवा?

तर नव्या लॅपटॉपवर एका ओळीचे गोल कोपरे. माझे पाव वर्तुळांचे तीन आठवडे कोणी पाहिलेच नाहीत. श्लोक दिसला नाही. दिसणारच नव्हता. टीव्हीसमोर बसून मी एकटीच ती रिकामी जागा बघत होते.

कोपऱ्यांकडे तर कोणाचं लक्षही गेलं नाही. सगळे मागच्या वर्षीच्या मिरवणुकीत स्वतःला शोधत होते. मग शिंदेबाईंनी 'जुनी पानं' दाबलं, गोखलेबाई मोठ्याने वाचून दाखवल्या. बाजरीच्या मोदकांवर सभा लोळली. एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, "अरे, ही तर माझी मावशी."

मी सा.कडे बघत होते. आता. आता म्हणतील.

सा. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बरं झालं."

दोन शब्द! आणि पुढे: "मात्र मी माझ्या यंत्रावर शांतपणे बघून मगच मत देईन. कायमचा निर्णय सात सप्टेंबरच्या वार्षिक सभेत घ्यावा." मान्य. तोवर साइट माझ्याकडे, उधारीवर. गोपालपुऱ्याची कंपनीही अजून शर्यतीत.

निघताना शिंदेबाई म्हणाल्या, ते जुनं धूड आता भंगारात द्या. सा. तडक उठले. क्रोशाच्या रुमालासकट यंत्र ई-रिक्षात घातलं, मांडीवर पडदा घेऊन बसले आणि घरी घेऊन गेले.

आभार मानले असते तर घरी येऊन श्लोक काढणार होते. खरंच. 'बरं झालं'वर नाही काढणार.

२५ ऑगस्ट

काढला नाही. दोनदा ती ओळ उघडली. दोनदा मिटली.

ते यंत्र आता त्यांच्या घरी. म्हणजे तो श्लोक आता जगात फक्त एका घरात दिसणार. सगळ्यांसमोर द्यायची चपराक बंद दाराआड गेली. तिची चव जरा बदलली आहे. वाईट लागते असं नाही म्हणत. बदलली आहे.

विनायकला विचारलं, आपण दोघं भांडतो तेव्हा मी अशीच असते का? त्याने रिमोट शोधायला सुरुवात केली.

२६ ऑगस्ट, हरतालिका

उपास. उद्या गणपती. सकाळी वाळूचं लिंग मांडत होते तेव्हा फोन. ओले हात.

"वसुधाताई, साळवी बोलतोय. यंत्र घरी लावलं. बघितली साइट."
"बरं."
"कोपरे गोल आहेत की हो. माझ्या यंत्रावर!"
"हो."
"मेहनत घेतलीत. मला माहितीय, या ब्राउझरला ते सोपं नाही."

म्हणजे ठाऊक होतं!

"आणि पानं. आमच्या हिने फोनवर वाचली, पलंगावर पडल्या पडल्या. इतकी वर्षं मी काय टंकत बसतो ते तिने पहिल्यांदा वाचलं. आभारी आहे हो. मनापासून. त्या दिवशी सभेत बोलता आलं नाही. मनातलं बोलायचं झालं की मी दोनच शब्द बोलतो, काय करणार."

आलं. जे पाहिजे होतं ते आलं. आणि मी दुसऱ्या हाताने लिंगाची वाळू उगीच पुन्हा थापत होते.

"ताई, आणखी एक. वरती एक श्लोक दिसतोय, स्वतंत्र चौकटीत. सुरेख बसवलाय. शिंदेबाईंना म्हटलं बघा, तर त्यांच्याकडे दिसतच नाही म्हणे. माझ्याच यंत्रावर दिसतो. गंमत आहे."
"असं होतं कधीकधी. जुना ब्राउझर."
"मी वहीत उतरवून घेतला. सात तारखेला सभेच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहितो. वर्षाचं बोधवाक्य म्हणून. अर्थ तुम्हीच सांगा सगळ्यांना. आमचं काय, शाळेत अर्धमागधी घेतलेलं, मार्कांसाठी."
"साहेब, तो काही एवढा..."
"छे छे. तुम्हीच सांगायचा. त्यानंतर मी मत देतो."

फोन ठेवताना ते खोकले. की हसले.

ओळ काढली. लगेच, ओल्या हाताने. आता काढून काय, वहीत आहे.

विनायक म्हणतो, "दुसराच काहीतरी अर्थ सांग. कोणाला कळतंय?" त्या हॉलमध्ये संस्कृत कळणारी मी एकटी. असं मी या शहरात आल्यापासून धरून चालले आहे. पण हिशेब खात्यातला माणूस. न वाचता सही केली असेल का त्याने आयुष्यात कधी?

दुपारी दोन अर्थ लिहून काढले. एक खरा. एक सभेपुरता: भिंती, कोपरे, स्वच्छता, आपला परिसर वगैरे. दुसरा वाचून बघितला, छान वाटतो, टाळ्या मिळतील. दोन्ही कागद पर्समध्ये ठेवलेत. त्या दिवशी त्यांचा चेहरा बघून ठरवीन.

किंवा आधीच एकदा चहाला जाईन.